गणिताचे सॉफ्टवेअर : आधी पारख, मग प्रसार



शाळेला संगणक भेट देणे हे आजच्या काळातील एक मोठे सत्कार्य मानले जाते. फीत कापली जाते, छायाचित्र निघते, दात्याचा यथोचित सत्कार होतो. त्या संगणकासोबत गणित शिकविणारे सॉफ्टवेअरही येते आणि गुणवत्ता वाढविण्याची ग्वाही विक्रेता देतो. परंतु ते वापरल्याने चौथीच्या मुलाला भागाकार येऊ लागला काय, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आजच्या विवेचनाचा विषय हाच प्रश्न आहे.

नीरेच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला पारख म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून हेच काम करीत आले आहे. नवे वाण तयार झाले की ते प्रथम जुन्या वाणाच्या शेजारी लावले जाते. जमीन तीच, पाणी तेच, खत तेच. मग दोन्हींचे वजन करून निर्णय होतो. शेजारी जुने वाण नसेल, तर वाढलेले उत्पन्न नव्या वाणामुळे की त्या वर्षीच्या अनुकूल हवामानामुळे, हे सांगता येत नाही. मुलांचेही तसेच आहे. वर्षभरात मूल वयाने वाढते, शिक्षक शिकवीत असतात, घरी आजोबा पाढे म्हणवून घेतात. वर्षअखेर गुण वाढले म्हणून सारे श्रेय सॉफ्टवेअरच्या पदरी घालता येत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर न मिळालेली, पण अन्य सर्व बाबतींत सारखी असलेली मुले तुलनेला हवीत.

अशी तुलना मोठ्या प्रमाणावर झाली ती वडोदऱ्यात. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच नगरीत शंभर वर्षांनी हा प्रयोग व्हावा, हा चांगला योग म्हणावा लागेल. २००० मध्ये गुजरात शासनाने तेथील पालिका शाळांना प्रत्येकी ४ संगणक दिले होते. पण २००२ पर्यंत प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हाती त्यांपैकी फारच थोडे आले होते. मुंबईत उदयास आलेल्या 'प्रथम' या संस्थेने इयत्ता चौथीच्या मुलांसाठी त्यांवर गणिताचे खेळ बसविले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्यातून दोन तास, मदतीस परिसरातीलच एक प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी, अशी रचना होती. मूल बरोबर उत्तरे देत गेले की पुढचे उदाहरण अधिक कठीण येई. एकूण १११ शाळांपैकी सुमारे निम्म्या शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या गेल्या. उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह याचे मोजमाप केले. याच दोघांना पुढे, २०१९ मध्ये, मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. संख्याशास्त्राच्या भाषेत गणितातील प्रगती पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी होती. सोप्या शब्दांत, गुणांच्या चढत्या क्रमाने उभ्या केलेल्या १०० मुलांच्या रांगेत ५० व्या जागी असणारे मूल पहिल्या वर्षी साधारण ६४ व्या, तर दुसऱ्या वर्षी ६८ व्या जागी गेले. हा लाभ लहान नव्हे. मात्र उपक्रम थांबून एक वर्ष लोटल्यावर त्यातील बराचसा भाग ओसरून सुमारे ०.१० एवढाच उरला.

जमाखर्चाची दुसरी बाजूही याच अभ्यासात आहे. संगणकाच्या उपक्रमाचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे ७२२ रुपये आला. 'प्रथम'चाच 'बालसखी' हा दुसरा उपक्रम होता. वस्तीतील शिकलेली एखादी तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवी. त्याचा खर्च मुलामागे सुमारे १०७ रुपये होता आणि दुसऱ्या वर्षीची प्रगती ०.२८ होती. रुपयामागे लाभ पाहिला तर बालसखी पुष्कळच पुढे राहिली.

यापेक्षाही डोळे उघडणारा अनुभव गुजरातमधीलच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत आला. ली लिंडन यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, नेहमीच्या तासाऐवजी मुलांना संगणकावर बसविले, तेव्हा त्यांचे गणित सुधारण्याऐवजी ०.५७ ने घसरले. तेच सॉफ्टवेअर शाळेच्या वेळेबाहेर, शिकविण्याला जोड म्हणून दिले, तेव्हा प्रगती ०.२८ ने वाढली. सॉफ्टवेअर एकच होते. त्याने कोणाची जागा घेतली यावर फळ ठरले. चांगल्या शिक्षकाचा तास काढून घेऊन यंत्र दिले, तर पदरी तोटाच येतो.

दिल्लीत २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरची परीक्षा ६१९ विद्यार्थ्यांवर झाली. सोडतीने निवडलेल्यांना शाळेनंतर केंद्रात प्रवेश मिळाला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ इतकी प्रगती दिसली. त्याचे मर्म प्रारंभीच्या चाचणीतच आहे : सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होता. वर्गात सहावीचे पुस्तक चाले आणि मुलाची गाठ मात्र चौथीच्याही अलीकडे अडलेली असे. सॉफ्टवेअरने ती गाठ शोधली आणि तेथूनच प्रारंभ केला. शिवाय प्रत्येक बैठकीचा अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकासमवेत जाई.

हा मुद्दा आपल्या दोन तालुक्यांना विशेष लागू पडतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची कुटुंबे मराठवाड्यातून येतात. त्यांच्यासोबत आलेल्या मुलांचे शिक्षण अर्ध्यावर तुटते. वय पाचवीचे आणि वजाबाकी दुसरीची, अशा मुलाला पाचवीचेच उदाहरण दाखविणारे सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे. असे मूल जेथे थांबले तेथून उचलणारे साधन मिळाले, तर मात्र ते खरोखर वरदान ठरेल.

सॉफ्टवेअर मुलांसमोर ठेवून पाहण्याचे आणखी एक कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत ७५ लिहिताना सात आधी येतात, पण 'पंच्याहत्तर' म्हणताना पाच आधी उच्चारले जातात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक, वीस दोन' अशी पर्यायी वाचनपद्धती आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. परंतु मुलांची अडचण खरी होती. इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या सॉफ्टवेअरला ही अडचण ठाऊकच नसते. ऐकून ७५ ऐवजी ५७ लिहिणारे मूल त्याच्या लेखी केवळ चुकलेले असते. ते का चुकले, हे शेजारी बसून पाहणाऱ्या शिक्षकालाच उमगते. चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असेल, तर मूल विचार न करता एकामागून एक कळ दाबीत जाते, हेही पडद्यावरच्या गुणांत दिसत नाही.

तेव्हा यापुढे देणगी देताना एक साधी शिस्त पाळता येईल. समजा, दहा शाळांना संगणक द्यायचे आहेत आणि निधी यंदा पाच शाळांपुरताच आहे. मग ओळख किंवा शिफारस न पाहता सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. दहाही शाळांत आरंभी एकच लेखी चाचणी घ्यावी. ती त्रयस्थ व्यक्तीने तयार केलेली असावी. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने नव्हे. वर्षअखेर पुन्हा तशीच चाचणी घेऊन दोन्ही गटांची प्रगती मांडावी. उपयोग दिसला तर पुढील वर्षी उरलेल्या पाच शाळांना द्यावे. न दिसला तर तोच पैसा बालसखीसारख्या ताईच्या मानधनाकडे वळवावा. यात कोणावरही अन्याय नाही, कारण निधी अपुरा असताना चिठ्ठीहून न्याय्य वाटप दुसरे नाही.

व्यापारात ताग्याचा रंग पक्का आहे की नाही, हे एक तुकडा धुवून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि तशी मागणी केल्याने कोणी विक्रेता अपमान मानीत नाही. लेकरांच्या शिक्षणाचे वर्ष तर कापडासारखे बदलून मिळत नाही. म्हणून दात्यांनी पुढील संगणक देण्यापूर्वी शाळेकडे चाचणीचे दोन कागद मागावेत : एक आरंभीचा आणि एक वर्षानंतरचा. एवढी प्रथा या दोन तालुक्यांत पडली, तरी दिलेल्या प्रत्येक रुपयाचे सार्थक होईल.