कागद, प्रकाश आणि आपली दप्तरे
(राहुरी येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



होलोग्राफीने माहिती साठविण्याच्या विद्येवर बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ज्ञातिबांधवांच्या मेळाव्यात या विषयाचे प्रयोजन काय, असे काहींना वाटेल. परंतु जातीच्या दाखल्याची पडताळणी ज्या घरांनी अनुभवली आहे, त्यांना १९५०, १९६१ आणि १९६७ ही साले पाठ असतील. प्रवर्गपरत्वे त्या त्या सालापूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो असतो शाळेच्या जनरल रजिस्टरात, कोतवाल बुकात, एखाद्या जीर्ण खरेदीखतात. आणि पुष्कळदा मोडीत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड भासली हे सर्वश्रुत आहे. एका कसर लागलेल्या पानावर मुलाचे शिक्षण अडते, ही काही पुस्तकी गोष्ट नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळू. डेनिस गाबोर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये १९४७ साली होलोग्राफीची कल्पना मांडली. १९६० साली लेसर अवतरल्यावर तिला खरे बळ आले आणि १९७१ साली गाबोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँकेच्या कार्डावरील चकाकते चित्र हे याच कुळातले.

शांत विहिरीत दोन खडे टाकले की दोन्हींची वर्तुळे एकमेकांत मिसळून पाण्यावर एक नक्षी उमटते. येथेही तसेच होते. एकाच लेसरचे दोन झोत करतात. एक झोत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पानातून जातो. ते ठिपके म्हणजेच आपली माहिती. दुसरा सरळ येतो. दोहोंची गाठ एका स्फटिकात किंवा प्रकाशग्राही थरात पडते व तेथे नक्षी कोरली जाते. पुढे केवळ तो सरळ झोत पुन्हा टाकला की सबंध पान एकदम उभे राहते. झोताचा कोन किंचित बदलला की त्याच जागी दुसरे पान, मग तिसरे! तबकडीवर माहिती पृष्ठभागावर लिहितात. येथे ती खोलीतही भरते. सिद्धान्ताने एका घन सेंटीमीटरात सुमारे एक लक्ष कोटी अक्षरे मावतात.

मला मोलाचा वाटतो तो दुसराच गुण. पानाची माहिती एका बिंदूत नसून नक्षीभर पसरलेली असते; म्हणून ओरखडा गेला तर पान थोडे मंद होते, पण त्यातील नेमके एक नाव गळून पडत नाही. आपल्या कागदाला वाळवी लागते तेव्हा ती नेमकी आजोबांच्या नावावरच बसते!

घन पदार्थात अशी माहिती साठविण्याचा विचार व्हॅन हीर्डन यांनी १९६३ साली मांडला. अमेरिकेतील इनफेज कंपनीने तीनशे गिगाबाइटच्या तबकडीची घोषणा केली होती. मात्र २०१० साली तिचा कारभार आटोपला. २०२० साली मायक्रोसॉफ्टने स्फटिकांवर नव्याने संशोधन चालू असल्याचे जाहीर केले. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या स्फटिकांत एक खोड आहे: वाचण्याच्या प्रकाशानेच लेख हळूहळू पुसट होतो. विद्या यशस्वी झाली तर रुग्णालयांची चित्रे, जमिनीचे अभिलेख, आपल्या येथील कृषी विद्यापीठासारख्या संस्थांची वर्षानुवर्षांची निरीक्षणे, सर्वांनाच तिचा उपयोग होईल. परंतु आज बाजारात जाऊन ती विकत घ्यावी, अशी स्थिती नाही.

आणि समजा, उद्या मिळाली. तबकडी पन्नास वर्षे टिकली, पण ती वाचणारे यंत्रच नाहीसे झाले तर? हा धोका आपण एकदा भोगलेला आहे. मोडी कागद टिकले. स्वातंत्र्यानंतर शाळेतून मोडी गेली आणि घरातले घरालाच वाचता येईनासे झाले.

म्हणून आपल्या कागदांना स्फटिकाची वाट पाहावयास लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक पानाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्यावे, जाणकाराकडून बालबोधीत उतरवून घ्यावे, प्रती तीन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात आणि दर काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतराव्यात. मूळ कागद मात्र कोणाच्याही हवाली करू नये. चिकटपट्टी लावून तो जोडण्याचा मोहही आवरावा. कालांतराने तिचा डिंक कागद पिवळा करतो.

भोजनोत्तर मी मंडपातच आहे. ज्यांनी कागद बरोबर आणले असतील, त्यांनी ते घडी न मोडता तसेच घेऊन यावे.