खाऊपेटीचा हिशोब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी ओळख करून देताना निवेदिकेनं मला कवी म्हटलं. ते खोटं नाही, पण कवितेवर घर चालत नाही. घर चालतं ते पेट्यांवर आणि थोडंफार मुद्रितशोधनावर. सोमाटणे, परंदवडी, शिरगाव, तळेगाव स्टेशन या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत, वर्कशॉपांत आणि दोन-चार कचेऱ्यांत मिळून माझ्या चौदा पेट्या आहेत. पेटीत चिवडा, शंकरपाळी, खारे शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, नानकटाई आणि लोणावळ्याहून घाऊक आणलेली चिक्की. एका कोपऱ्यात पैसे टाकायला फट. विकायला कुणी बसत नाही. भूक लागेल त्यानं पुडी उचलावी, किंमत फटीतून आत सोडावी आणि कामाला लागावं. एवढाच धंदा.

आमचं सोमाटणे बाहेरच्यांना ठाऊक झालं ते फाट्यामुळं आणि टोलनाक्यामुळं. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर गाडीपुढं आडवा दांडा यायचा. पैसे हातात पडले, पावती फाटली, की मगच तो वर जायचा. माझं बरंचसं आयुष्य त्या दांड्याच्या आवाजात गेलं. अशा गावात बिनदांड्याचा धंदा काढणाऱ्याला लोक वेडा म्हणाले, तर त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी बी.ए. झालो मराठी घेऊन. पंधरा-सोळा वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. २०१० साली छापखाना बंद झाला. तिथं चहाच्या बरणीशेजारी एक डालड्याचा डबा असायचा. चहा प्यायचा, डब्यात रुपया टाकायचा. महिनाअखेरीस डबा मोजायचं काम माझ्याकडं. कधी दहा-पंधरा रुपये कमी भरत, पण चहा कधी बंद पडला नाही. नोकरी गेल्यावर तो डबा मला आठवत राहिला. घरातलीच्या हातचा चिवडा मोहल्ल्यात नावाजलेला होता. पुठ्ठ्याची तीन खोकी आणली, फटी पाडल्या आणि ओळखीच्या तीन ठिकाणी नेऊन ठेवली.

आता थोडा हिशोब सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका पेटीत साठ पुड्या बसतात. आठवड्यातून दोनदा भरतो. पुडी पूर्वी पाचला होती, आता दहाला आहे. माल, पिशवी, लेबल आणि स्कूटरचं पेट्रोल धरून पुडीमागं साडेसहा रुपये जातात. म्हणजे सगळ्यांनी पैसे टाकले तर शंभर पुड्यांमागं साडेतीनशे सुटतात. आठ पुड्या बिनपैशाच्या गेल्या तर दोनशे सत्तर. पंधरा गेल्या तर दोनशे. त्याच्याही खाली गेलं की त्या दिशेला स्कूटर वळवणं परवडत नाही. माझी सरासरी आठाच्या आसपास आहे.

हा आकडा मी एकदा भाच्याला सांितला, तेव्हा त्यानं मला एका अमेरिकन माणसाची गोष्ट ऐकवली. पॉल फेल्डमन त्याचं नाव. वॉशिंग्टनमध्ये चांगली संशोधनाची नोकरी होती. १९८४ साली ती सोडून तो कचेऱ्यांत बेगल पोचवू लागला. बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला घट्ट पाव. सकाळी पाव आणि पैशांचा डबा ठेवून यायचा, दुपारी डबा उचलायचा. काही वर्षांतच आठवड्याला आठ हजार चारशे पाव आणि एकशे चाळीस कंपन्या, एवढा पसारा झाला. त्यानं पै-पैचा हिशोब ठेवला, आणि स्टीव्हन लेव्हिट व स्टीफन डबनर यांनी २००५ सालच्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या पुस्तकात तो जगापुढं मांडला. आधी शंभरात नव्वदांचे पैसे येत. ते हळूहळू सत्त्याऐंशीवर आले. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दोन टक्के वाढले. लहान कचेऱ्या मोठ्यांपेक्षा प्रामाणिक निघाल्या. हवा छान असली की लोक जास्त पैसे टाकत, नाताळच्या आधी कमी. आणि एका कंपनीचे तीन मजले होते, त्यात वरच्या मजल्यावरचे साहेब लोक खालच्यांपेक्षा जास्त बुडवत, असं त्याचं मत झालं.

मला सगळ्यात जवळची वाटली ती त्याच्या डब्याची हकिगत. सुरुवातीला तो उघडी टोपली ठेवायचा. तिच्यातले पैसेच जाऊ लागले. मग झाकणाला फट पाडलेला कॉफीचा डबा. त्याचाही मोह लोकांना आवरेना. शेवटी त्यानं लाकडी पेट्या करून घेतल्या. पुढं वर्षाकाठी सात हजार पेट्या तो ठेवायचा, त्यातली एखादीच चोरीला जायची. म्हणजे पाव फुकट खाणारा माणूससुद्धा पैशाच्या पेटीला सहसा हात लावत नाही! हे मीही पाहिलं आहे. चिक्की उचलणं ही एक गोष्ट, गल्ला उचलणं ही दुसरी. माणूस स्वतःला चोर म्हणवून घ्यायला सहजी तयार होत नाही.

मला एकानं सुचवलं होतं की पेटीच्या वर देवांचे फोटो चिकटवा. जिन्यात लोक पान खाऊन थुंकतात म्हणून भिंतीवर सर्व धर्मांच्या देवांच्या फरशा बसवतात, तसं. कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. इंग्लंडात न्यूकॅसलच्या विद्यापीठात चहा-कॉफीच्या खोलीत असाच प्रयोग झाला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचं चित्र, दुसऱ्या आठवड्यात रोखून पाहणारे डोळे. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे पडले. पुढं इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा सगळ्यांना तसाच अनुभव आला नाही. मी काही डोळे लावले नाहीत. पाच रुपयांच्या शंकरपाळीसाठी देवाला पहाऱ्यावर बसवायचं, हे मला पटेना. शिवाय कुठले देव लावायचे आणि कुठल्या क्रमानं, हा वाद मीच अंगावर ओढवून घेतला असता.

नावाचा प्रश्न मात्र चुकवता आला नाही. पहिल्या वर्षी पेटीवर फक्त ‘घरगुती खाऊ’ एवढंच होतं. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा, पण त्याचा अंमल ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्या छोट्या माणसाला परवाना नव्हे, पण नोंदणी करावी लागे. फी वर्षाला शंभर रुपये. फीचं काही नाही, पण पुडीवर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता आला. माझं नाव वाचलं की धर्म विचारावा लागत नाही. एका हितचिंतकानं सांगितलं, “आडनाव तेवढं टाका, ते दोन्हीकडं चालतं.” मी पूर्ण नाव छापलं. यात शौर्य काही नव्हतं. लोकांनी कुणी पाहत नसताना पैसे टाकावेत अशी माझी अपेक्षा, आणि मीच अर्धं नाव लपवायचं, हे जमेना.

पहिले पंधरा दिवस माल कमी उठला. एका ठिकाणाहून पेटी परत आली. “सध्या नको, स्टाफ डाएटवर आहे,” असं मला गोड शब्दांत सांगण्यात आलं. बाकीच्या ठिकाणी भूक नावापेक्षा मोठी ठरली. आषाढीच्या आधी एका कचेरीतल्या बाईंनी भीतभीत विचारलं, “चाचा, साबुदाण्याचा चिवडा उपवासाला चालेल ना?” मी म्हटलं, “तेल शेंगदाण्याचं, मीठ सैंधव, आणि कढई वेगळी आहे.” त्यांना हवं होतं ते उत्तर तेवढंच होतं. देहू आमच्यापासून फार लांब नाही. एकादशीचा माल किती लागतो ते आमच्या घरात आता सगळ्यांना तोंडपाठ आहे.

पेटी मोजताना देशाची बातमी कळते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा पेटीत पैशांऐवजी चिठ्ठ्या निघाल्या: ‘सुटे नाहीत, दोन चिवडा, शुक्रवारी देतो.’ त्याच सुमारास दहाची नाणी खोटी असल्याची अफवा उठली. दुकानदार ती घेईनात. मग सगळ्या कारखान्याची नकोशी नाणी माझ्या पेटीत. माझी पेटी नाही म्हणू शकत नव्हती ना! जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार खरे असल्याचा खुलासा केला. तोवर माझ्याकडं पिशवीभर नाणी साठली होती.

ती मोजताना मला तळेगावच्या पैसा फंडाची आठवण यायची. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये आमच्या शेजारी तळेगावात पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. एका पैशाची पावती मिळाली नाही म्हणून कोण भांडणार? पण तो कुणीतरी नीट जमा केला, म्हणून भट्टी पेटली. आणि मुंबईचे डबेवाले तरी कोण? बरेचसे आमच्या मावळातले, मुळशीतले, जुन्नर-खेडकडचे. १८९० पासून दुसऱ्याच्या जेवणाचा डबा बंद तसाच पोचवताहेत. एवढी परंपरा पाठीशी असताना मी चिवड्याच्या पुडीचं काय कौतुक सांगावं?

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पेट्या जिथल्या तिथं अडकल्या. जूनमध्ये एका वर्कशॉपमध्ये शिरता आलं. तिथला रखवालदार गावी जाऊ न शकल्यानं आतच राहिला होता. पेटी जवळजवळ रिकामी होती. लेबलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं पाच-पाच रेघांचे गठ्ठे काढून हिशोब ठेवला होता. त्रेचाळीस पुड्या. त्यानं चाळिसांचे पैसे दिले आणि ठणकावून सांगितलं, “शेवटच्या तीन खवट होत्या. त्याचे देणार नाही.” मी त्याला सलाम केला.

त्यानंतर पेट्यांवर क्यूआर कोड लागले. आता फोन वाजतो आणि पैशासोबत नाव येतं. रात्री साडेअकराला दहा रुपये येतात. कुणाला तरी अंथरुणावर पडल्यावर दुपारची चिक्की आठवलेली असते. सोय झाली, पण एक गोष्ट बिघडली. पूर्वी कोण देतं ते मला कळत नव्हतं. आता देणाऱ्यांची यादी हातात असते, आणि यादीत कोण नाही हे शोधायला मन धावतं. मी ती यादी वाचत नाही, आलेली बेरीज तेवढी पाहतो. असं का, तेही सांगतो.

२०१४ ची गोष्ट. पुठ्ठ्याच्या पेट्यांचे दिवस. एका वर्कशॉपमधल्या पेटीत सलग तीन आठवडे पैसे कमी भरू लागले. आठ-दहा नव्हे, चांगलेच. मी सुपरवायझरला बोलता बोलता म्हटलं, “तुमच्याकडं जरा गळती आहे.” तक्रार म्हणून नाही, अगदी हसत. पेटी जिथं होती त्या कोपऱ्यात झाडायला एक ठेकेदाराचा पोरगा असायचा. अठरा-एकोणीस वर्षांचा, बाहेरच्या जिल्ह्यातला. मला पाहिलं की पेटी पुसून ठेवायचा. पुढच्या खेपेला तो दिसला नाही. विचारलं तर सुपरवायझर म्हणाले, “काढला. तुमची गळती बंद झाली समजा.” मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला बरंच वाटलं.

दोन महिन्यांनी ती पेटी ओल लागून खचली म्हणून मी घरी फाडली. तळ मजबूत व्हावा म्हणून मीच आतून दुसरा पुठ्ठा चिकटवला होता. पैशांच्या कप्प्याच्या कोपऱ्यात तो सुटला होता. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चिकटपट्टीला चिकटून, पाचाची नाणी बसलेली होती. सदतीस. एकशे पंच्याऐंशी रुपये.

मी तसाच स्कूटर काढून गेलो. सुपरवायझर म्हणाले, “सोडा हो चाचा, ही पोरं येतात-जातात.” ठेकेदाराकडं गेलो. त्याच्याकडं पोराचं अर्धंच नाव होतं, गावाचं नाव तालुक्यापुरतं आणि फोन नंबर बंद. पुढचे कित्येक महिने फाट्यावर, एस.टी. थांब्यावर, नव्या बांधकामांवर मी चेहरे बघत असे. तो काही भेटला नाही. त्यावर कविता लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या आणि फाडून टाकल्या, कारण त्या ओळींत मी फार चांगला माणूस दिसत होतो.

आता पेट्या पत्र्याच्या आहेत. फाट्यावरच्या वेल्डरकडून करून घेतल्या, तळाला एकच पत्रा. रविवारी रात्री पैसे काढून झाले की मी एकेक पेटी उलटी करतो आणि तळहातानं चारही कोपरे ठोकतो. आतून घरातली ओरडते, “खाली डब्बे कू कायकू ठोकते जी?”

मी ठोकतो.