हवेचा दाब आणि खालाचं बोट
(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ता ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असं म्हटलं गेलं. ते खरं आहे. पण ज्या मशीनबद्दल मी बोलणार आहे त्यात सॉफ्टवेअरची एक ओळही नाही. आधी होती, मी स्वतः लिहिलेली. नंतर काढून टाकली. का काढली, ते सांगायलाच आलोय.

शिरोळ तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाण्याखाली पाहिलं असेल. २००५, २०१९, २०२१. कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळतात, आणि दोघी एकदम भरल्या की पाणी तालुक्यात मागं पसरतं. एरवी आमच्याकडं सगळा ऊस. पण ऊस ज्याला जमीन आहे त्याचा. आमच्या गल्लीत बहुतेक घरांना जमीन नाही. गवंडी, ड्रायव्हर, मागावर जाणारे, गॅरेजवाले. २०१९ च्या पुरानंतर माझ्या खालानं आणि गल्लीतल्या बायकांनी बचत गटातून धिंगरी अळिंबी लावायला सुरुवात केली. पडून असलेल्या एका घराच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जमीन नसलेल्या माणसाला घेता येईल असं हे पीक आहे. छताला पिशव्या टांगायच्या, खोली ओली ठेवायची.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गव्हाचं काड बारीक तोडायचं, रात्रभर भिजवायचं, मग ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातली नको ती बुरशी मरते. निथळायचं, गार करायचं. मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून जेमतेम एखाददुसरा थेंब यावा, इतकीच ओल हवी. मग ते प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं. काडाचा एक थर, कडेनं बियाणं, परत थर, परत बियाणं. प्रत्येक थर हातानं दाबायचा. तोंड बांधायचं, पिशवीला बारीक भोकं पाडायची आणि पंधरा-वीस दिवस अंधारात ठेवायची. आत पांढरी जाळी पसरते आणि काड एकजीव होतं.

यातलं ‘हातानं दाबायचा’ हे म्हणायला सोपं आहे. ओल्या काडाची तीन किलोची पिशवी, चार थर, प्रत्येक थराला दहा-बारा दाब. अशा सकाळी पन्नास-साठ पिशव्या. एका ईदला मी घरी गेलो तेव्हा खालाला शीरखुर्म्याचं भांडं खांद्याच्या वर उचलता येईना. मी म्हटलं, खाला, मी तुला मशीन करून देतो. इंजिनिअर भाच्याला शोभेल असं वाक्य होतं ते.

सुट्टीत घरून काम करता करता मी ड्रॉइंग काढलं. हवेवर चालणारा सिलिंडर उभा बसवायचा, त्याच्या दांड्याला गोल ताट, खाली पत्र्याच्या नळकांड्यात पिशवी. खोली कायम ओली असते, म्हणून माणसाच्या हाताजवळ विजेची मोटर नको होती. शिवाय मोटर अडकली तर जळते, हवेचा सिलिंडर अडकला तर नुसता थांबून राहतो. इतपत माझं बरोबर होतं. सिलिंडर भंगारात मिळाला, ६३ मिलिमीटर बोअरचा. गणित शाळेतलंच आहे. दाब गुणिले क्षेत्रफळ. ६३ मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर, कॉम्प्रेसरचा दाब ६ बार, म्हणजे जवळजवळ १९० किलोचा भार. मी खूश. खाला फार तर वीस-पंचवीस किलोनं दाबत असेल.

वॉल्व्ह बसवायला इचलकरंजीच्या मामूंकडं गेलो. मामू आठवी शिकलेले. आधी साधे माग, आता एअरजेट माग. एअरजेट मागात धोटा नसतो, आडवा धागा हवेच्या झोतावर पलीकडं जातो, आणि तो मिनिटाला शेकडो वेळा. त्या मागांचे वॉल्व्ह, नळ्या, गळती हे मामूंचं रोजचं काम. माझं ताट धाडकन खाली येत होतं म्हणून मी सिलिंडरमध्ये जाणारी हवा बारीक केली. ताट आता धक्के खात येऊ लागलं. मामूंनी पाहिलं आणि म्हणाले, “आनेवाली हवा कू नक्को रोक, जानेवाली कू रोक.” पलीकडच्या बाजूनं बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर त्यांनी चकती फिरवली आणि ताट लिफ्टसारखं शांत उतरलं. पुस्तकात या पद्धतीला नाव आहे. मी त्या विषयाचा पेपर पास झालोय. मामूंना नाव माहीत नाही.

दुसरी अडचण. ताट वर जाताना खाली पोकळी व्हायची आणि काड, पिशवी, सगळंच वर ओढलं जायचं. मी दोन रात्री संगणकावर वेगाचे आलेख काढत बसलो. मामू म्हणाले, ताटाला भोकं पाड. पाडली. संपलं.

आपल्याकडं व्हॉट्सअॅपवर दर महिन्याला अल-जझरीचा मेसेज फिरतो. बाराशे सहा सालचं यंत्रांचं पुस्तक, दोन सिलिंडरचा पंप, वगैरे. माहिती खरी आहे. पण आपण तो मेसेज अभिमानानं पुढं पाठवतो आणि त्यातली मुख्य गोष्ट सोडून देतो. तो माणूस कारागीर होता, आणि वाचणाऱ्याला यंत्र पुन्हा बांधता यावं अशा बेतानं त्यानं लिहिलं. आज आपल्या समाजात दोन शिड्या आहेत. एक डिग्रीची, एक गॅरेजची. मामूंच्या हाताखाली तयार झालेली पोरं स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायला लाजतात. आणि मी, डिग्रीवाला, तोपर्यंत एकदाही सिलिंडर उघडून पाहिला नव्हता. दोन्ही शिड्या एकाच घराला टेकलेल्या असतात, तरी वरच्यांची गाठ पडते ती लग्नातच.

तर मशीन झालं. पायाखाली पेडल, पेडल दाबलं की माझा छोटा कंट्रोलर चार वेळा ताट खालीवर करणार, दर वेळी ठरलेला वेळ. पहिल्या दिवशी चाळीस पिशव्या भरल्या. विटेसारख्या घट्ट. फोटो काढले.

बारा दिवसांनी खालाचा फोन आला. पिशव्यांना बाहेरून पांढरी जाळी आली, पण मध्ये काड पिवळंच. चिरून पाहिली तर आंबूस वास. तळाला पाणी. १९० किलोनं मी काडातली हवाच पिळून काढली होती. बुरशीलाही श्वास घ्यावा लागतो हे मला वाचून माहीत होतं, ते गणितात धरलं नव्हतं. चाळीसच्या चाळीस पिशव्या खतात गेल्या. खाला रागावली नाही. “तुला दाबायला सांगितलं होतं, मारायला नाही,” एवढंच म्हणाली. मग तिनं काडावर तळवा ठेवून दाखवला. इतकं. हात उचलल्यावर काड थोडंसं वर यायला पाहिजे.

ते ‘थोडंसं’ मोजायला दोन रविवार लागले. खालानं भरलेल्या पिशव्यांची उंची आणि वजन मोजलं, मग रेग्युलेटर उतरवत उतरवत मशीनची पिशवी तशी येईपर्यंत थांबलो. २ बार. ६३ किलोचा भार, २० सेंटिमीटर व्यासाच्या ताटावर पसरलेला. हवेचा खर्चही निम्म्याच्या खाली आला. मध्ये उसाचं पाचट वापरून पाहिलं, फुकट मिळतं म्हणून. ते पिशव्यांना टोचतं. सोडलं.

आता बोटाचं.

पेडल मी का ठेवलं होतं? दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. पिशवीचं तोंड धरायला हात लागतात. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. एका सकाळी खाला पिशवीची घडी सरळ करत होती, फरशी ओली, चप्पल घसरली आणि पाय पेडलवर पडला. ताट खाली आलं. तिचं मधलं बोट नळकांड्याच्या काठावर सापडलं. मी धावत जाऊन विजेचं बटण बंद केलं.

इथं थांबून नीट ऐका, कारण तुमच्यापैकी कुणीतरी उद्या असं काहीतरी बनवणार आहे. वीज बंद केल्यावर माझा कंट्रोलर बंद पडला. पण वॉल्व्ह जिथं होता तिथंच राहिला, आणि टाकीत हवा भरलेली होती. ताट वर गेलं नाही. दाबूनच राहिलं. माझ्या कामात बंद म्हणजे बंद. फार तर मशीन पुन्हा चालू करायचं आणि मागची नोंद परत आणायची. इथं बंद केल्यानंच बोट अडकून राहिलं होतं. मामूंनी फोनवर ओरडून नळी उपटायला सांगितली तेव्हा सुटलं. हाड वाचलं, कारण दाब २ बारवर होता. ६ वर असता तर आज मी इथं उभा नसतो. नख काळं पडलं, गळालं, नवीन आलं ते वाकडं आलं.

अम्मी माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नाही.

त्यानंतर मामूंनी आणि मी मशीन परत बांधलं. पेडल काढलं. कंट्रोलर काढला. आता दोन बटणं आहेत, दोन्ही हवेची, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी दाबली आणि दाबून धरली तरच ताट खाली येतं. एक जरी सुटलं तरी वर जातं. यासाठीचा वॉल्व्ह बाजारात तयार मिळतो, कारखान्यांच्या प्रेसला असतो. मला तो महाग वाटला होता. टाकीला हाताचा एक कॉक बसवला, फिरवला की सगळी हवा बाहेर. हात बटणांवर अडकले म्हणून पिशवीचं तोंड धरायला नळकांड्यावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा. तो खालानं सुचवला.

मग गटाची बैठक झाली, आणि त्यात खालानं विचारलं ते मी कुठल्याही डिझाइनच्या तासाला ऐकलं नव्हतं. पिशव्या भरायला दोन बायका बाहेरच्या यायच्या, गटात नसलेल्या. पिशवीमागं पैसे घ्यायच्या. “मशीन आलं. त्या दोघींचं काय?” माझं उत्तर तयार होतं. उत्पादन वाढेल, काम वाढेल. खाला म्हणाली, कसं वाढेल? खोल्या दोनच. पाणी तापवायचं पातेलं एकच. आणि ओली धिंगरी दुसऱ्या दिवशी विकली गेली नाही तर वाळवायची, दहा किलोची एक किलो होते. अडचण भरण्यात कधी नव्हतीच. मी घड्याळ लावून पाहिलं तर खरंच, पिशव्या भरणं आटपून बायका पातेल्याची वाट बघत बसत. मी ज्या गोष्टीचा वेग वाढवायला निघालो होतो तिथं वेगाचं कामच नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. मशीन गटाच्या मालकीचं. त्या दोघींपैकी एक मशीनवर, दुसरी बियाणं आणि बांधणीवर, आणि मजुरी पिशवीऐवजी सकाळीची. खरं सांगायचं तर दोन बटणांचं मशीन चार बायकांच्या हातांपेक्षा हळू चालतं. पिशव्या मात्र सगळ्या सारख्या येतात, आणि खालाचा खांदा आता तिला वेणी घालू देतो.

जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यानं मशीन पाहिलं. त्याला अशी दहा हवीत, पण पेडलची. बटणांनी वेळ जातो म्हणाला. त्यानं पुढं केलेली रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती, म्हणून मोह झाला नाही असं म्हणणार नाही. मी नाही म्हटलं. तो दुसऱ्या कुणाकडून करून घेईल, हेही मला माहीत आहे. म्हणून मी आणि मामूंनी दोन बटणांच्या मशीनचं पूर्ण ड्रॉइंग केलंय, मापांसकट, मराठीत, कुठला भाग भंगारात चालेल आणि कुठला नवाच घ्यायचा हे लिहून. ज्याला हवं त्याला फुकट. त्यावर दोन नावं आहेत. मामूंचं आधी. त्यांना ते पटलेलं नाही.

कुणाला मशीन बघायचं असेल तर रविवारी सकाळी आठच्या आत शिरोळला या. फरशी ओली असते, चपला घालून येऊ नका.