स्मार्टफोनवरील निष्ठा आणि पालटाचा खर्च

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकांचे हे अधिवेशन वर्ध्यात भरत असताना अध्यक्षीय भाषणासाठी स्मार्टफोनचा विषय घेतला, याचे कारण असे की, माणसे एखादी व्यवस्था का स्वीकारतात, तिला का धरून राहतात आणि ती केव्हा सोडतात, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न गेल्या वीस वर्षांत या जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक घरात, हिंगणघाटच्या अडत्यापासून कारंजा तालुक्यातील शेतमजुरापर्यंत, नव्याने उभा राहिला आहे. फोनची मूळ कार्यप्रणाली, तिच्यावर चालणारी ॲप्स, ती जिथून घ्यायची ते ॲपचे दुकान आणि या सर्वांना बांधून ठेवणारे वापरकर्त्याचे खाते, अशा चार गोष्टी मिळून जी व्यवस्था होते तिला येथे प्लॅटफॉर्म म्हटले आहे. भारतात आज असे दोनच मोठे प्लॅटफॉर्म उरले आहेत, गुगलचा अँड्रॉईड आणि ॲपलचा आयओएस. आणि त्यांच्या वापरकर्त्यांच्या चिकाटीला बाजारपेठेच्या भाषेत सर्रास निष्ठा म्हटले जाते. हे नाव तपासून घेणे आवश्यक आहे, कारण ज्या गोष्टीवर लोकांचे खरे प्रेम होते ती त्यांनी तीन-चार वर्षांत सोडली आणि ज्या गोष्टीवर विशेष प्रेम नाही ती त्यांच्याने सोडवत नाही, असा या जिल्ह्याचाच अनुभव आहे.

प्रेमाची गोष्ट नोकियाची. २००३ साली आलेला नोकिया ११०० हा बटणाचा फोन विदर्भात घरोघर गेला, कारण त्याची बॅटरी भारनियमनाच्या दिवसांत टिकत असे, धुळीचा त्याला फारसा त्रास होत नसे, आणि रात्रीच्या विजेवर ओलितासाठी शेतात जाणाऱ्या माणसाला त्याच्यातील दिव्याचा उजेड वेगळ्या टॉर्चची गरज ठेवत नसे. इतका विश्वास कमावलेली कंपनी स्मार्टफोनच्या काळातही टिकेल असे कोणालाही वाटले असते. परंतु फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिम्बियन ही आपली प्रणाली मागे ठेवून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा आधार घेतला, त्या प्रणालीसाठी ॲप्स तयार करणारे पुरेसे मिळाले नाहीत, आणि एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला तोवर ग्राहक मायक्रोमॅक्स, कार्बन, सॅमसंग यांच्या स्वस्त अँड्रॉईड फोनकडे वळलेला होता. या पडझडीचे कारण केवळ कंपनीच्या चुकीच्या निर्णयात शोधणे अपुरे ठरेल. त्या काळात माणसाची फोनमधली सारी मालमत्ता म्हणजे नातेवाइकांचे नंबर आणि थोडे संदेश, आणि ती बहुतेक सिमकार्डावर असे. सिम एका फोनमधून काढून दुसऱ्यात घातले की घर बदलून होई. पालटाला खर्चच नव्हता, म्हणून प्रेम असूनही माणसे गेली.

पालटाचा खर्च ही संज्ञा येथे स्पष्ट केली पाहिजे. एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाताना नव्या वस्तूच्या किमतीखेरीज जे जे द्यावे लागते, म्हणजे वेळ, पुन्हा शिकण्याचे श्रम, हरवणारी साठवण, तुटणारे संबंध, त्या सर्वांची बेरीज म्हणजे पालटाचा खर्च. आज ही साठवण सिमवर नाही, खात्यात आहे. फोटो, व्हॉट्सॲपवरील संभाषणांचा बॅकअप, सारे एका ईमेल आयडीला बांधलेले असते. तो आयडी अनेकदा फोन विकणाऱ्या दुकानदाराने पहिल्या दिवशी काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड घरातल्या कोणालाच माहीत नसतो. व्हॉट्सॲपसारखे दोन्ही प्लॅटफॉर्मवर चालणारे ॲपदेखील २०२१ पर्यंत आयफोनवरील जुनी संभाषणे अँड्रॉईडवर नेऊ देत नव्हते, आणि उलट दिशेची सोय तर २०२२ मध्ये झाली. आईच्या आवाजातले संदेश किंवा लेकराचे पहिले फोटो मागे सोडून कोण जाईल? कंपनीच्या हिशेबात मात्र अशा माणसाची नोंद निष्ठावान ग्राहक अशीच होते.

पालटाच्या खर्चाचा याहून बोलका दाखला वर्ध्याच्याच इतिहासात आहे, आणि तो लिपीचा असल्यामुळे अधिक विचारात घेण्याजोगा आहे. १९३५ साली इंदूर येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या हिंदी साहित्य संमेलनानंतर काकासाहेब कालेलकर यांच्या नेतृत्वाखाली नागरी लिपीच्या सुधारणेचे काम सुरू झाले, आणि इ, ई, उ, ए ही स्वतंत्र स्वरचिन्हे टाकून अ या अक्षरालाच वेलांटी, उकार आणि मात्रा लावाव्यात असा प्रस्ताव पुढे आला. १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या पुस्तकांत ही पद्धत वापरली, आणि मराठीत सावरकरांच्या पुरस्कारामुळे किर्लोस्कर मासिकाने अ-ची बाराखडी वर्षानुवर्षे छापली. सुधारणा तर्कशुद्ध होती. छापखान्यातील खिळ्यांची संख्या तिने कमी होत होती, आणि शेजारच्या गुजरातीत ए व ऐ ही अक्षरे अ-वर मात्रा देऊनच लिहिली जातात, त्यामुळे ती अनोळखीही नव्हती. शिकायला एक दिवस पुरेल अशी ही गोष्ट होती. तरीही १९४७ मध्ये नेमलेल्या नरेंद्र देव समितीने ती नाकारली आणि हळूहळू ती छापखान्यांतूनही गेली. नवी पद्धत शिकलेल्या प्रत्येक माणसाला शाळा, कचेऱ्या, जुने ग्रंथ आणि शेजाऱ्यांची पत्रे यांच्यासाठी जुनी पद्धत ठेवावीच लागत होती. म्हणजे पालट करणाऱ्यावर दोन व्यवस्थांचा भार पडत होता आणि न करणाऱ्याचे काहीच अडत नव्हते. एखाद्या व्यवस्थेची उपयुक्तता ती वापरणाऱ्या इतरांच्या संख्येवर अवलंबून असते, या गोष्टीला अर्थशास्त्रज्ञ जाळ्याचा परिणाम म्हणतात. कालेलकर आणि सावरकर अशी परस्परांपासून दूर असलेली माणसे एका बाजूला उभी असूनही जाळ्याने त्यांना हरवले, ही गोष्ट केवळ वस्तूच्या गुणवत्तेवर बाजाराचे भाकीत करणाऱ्याने लक्षात ठेवावी.

जाळे कोठे आहे यावर निष्ठेची जात ठरते. अमेरिकेत आयफोनची पकड मोठ्या प्रमाणात त्याच्या स्वतःच्या संदेशसेवेमुळे आहे, आणि मार्च २०२४ मध्ये तेथील न्याय खात्याने ॲपलविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात या सेवेचाही उल्लेख आहे. वर्ध्यात ते कारण लागूच पडत नाही, कारण येथील बोलणे व्हॉट्सॲपवर चालते आणि ते दोन्हीकडे सारखेच आहे. येथे आयफोन घेणारा तरुण हप्ते फेडतो ते कॅमेरा, टिकाऊपणा आणि प्रतिष्ठा यांसाठी. उलट, मुलगा न्यू जर्सीत आणि आई-वडील आर्वीत अशा कुटुंबात मुलाजवळ आयफोन असला तरी रविवारचा व्हिडिओ कॉल व्हॉट्सॲपवरच होतो. कुटुंबाचे जाळे त्यातल्या सर्वांत साध्या फोनवर ठरते, आणि निवडीचे एकक व्यक्ती असते हे पाठ्यपुस्तकांतील गृहीतक येथे ढासळते. जुना फोन आईकडे आणि नवा मुलाकडे जाणाऱ्या घरात सर्वांचा प्लॅटफॉर्म एकच राहतो, कारण अडल्यावर शिकवणारा एकच असतो.

अलीकडे या खाजगी जाळ्यावर शासनाचे जाळे चढले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकऱ्याला बांधावर जाऊन स्वतःच्या फोनने पिकाचा फोटो काढायला सांगते, आणि २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी कपास किसान या ॲपवर नोंदणी मागितली. कापसाच्या या जिल्ह्यात त्यामुळे फोन हा सातबाऱ्याइतकाच आवश्यक कागद झाला. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या ग्रंथात असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात असे दाखवले, सोडून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठेचे काम पहिली वाट लांबवून दुसरीला वेळ देण्याचे असते. जेथे सोडून जाण्याची वाटच बंद आहे तेथे काय होते, हे ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी दाखवले. कमी क्षमतेचे, वारंवार बंद पडणारे फोन आणि इंग्रजीतले पोषण ट्रॅकर ॲप यांच्याविरुद्ध त्यांनी शासनाने दिलेले फोनच परत केले. प्लॅटफॉर्म निवडण्याचा हक्क नसलेल्या बायकांनी उठवलेला हा आवाज वापरकर्त्यांच्या निष्ठेवरील कोणत्याही अभ्यासात मानाने नोंदवला गेला पाहिजे.

कायद्याने पालटाचा खर्च कमी करता येतो, याचा पुरावा देशापाशी आहे. २० जानेवारी २०११ पासून नंबर न बदलता मोबाईल कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि सोडून जाण्याची धमकी खरी ठरू लागली. हीच तरतूद खात्यातील साठवणीला हवी होती. वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकाच्या २०१९ च्या मसुद्यात स्वतःची माहिती एका सेवेतून दुसरीत नेण्याचा हक्क होताही, परंतु २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉईडच्या अटींबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो मुख्यतः फोन बनवणाऱ्या कंपन्यांना मोकळीक मिळावी म्हणून. वापरणाऱ्याला आपले बिऱ्हाड हलवता यावे, हा प्रश्न तसाच उभा आहे.

तो मांडायचा तर आधी नोंदी हव्यात, आणि त्या मुंबई-दिल्लीच्या ग्राहकाच्या नव्हे, तर आष्टी, सेलू आणि समुद्रपूरच्या हव्यात. जे. सी. कुमारप्पा यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाचा विचार मांडला आणि १९३९ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचा अहवाल गावोगावच्या माहितीवर उभा केला. त्या पद्धतीचा वारसा या जिल्ह्यातील महाविद्यालयांचा आहे. प्रत्येक महाविद्यालयाने दोन-तीन गावे घेऊन घरात फोन किती, खाते कोणाच्या नावाने, पासवर्ड कोणाजवळ, फोन बिघडल्यावर काय हरवले आणि फोन बदलताना काय मागे राहिले, एवढीच माहिती येत्या कापूस हंगामात मराठीत गोळा करावी आणि पुढील अधिवेशनात ती मांडावी, असा प्रस्ताव या अध्यक्षपदावरून सभेपुढे ठेवण्यात येत आहे.