क्रियापद कुणाचं ऐकतं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनीयर आहे, पण आज संगणकावर बोलणार नाही. बोलणार आहे मराठी व्याकरणावर, आणि त्यातही आपल्या पेपरातल्या 'प्रयोग ओळखा' या प्रश्नावर. हसू नका. तो प्रश्न आपल्याला वाटला त्यापेक्षा बराच मोठा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी तो एका युक्तीवर सोडवला. कर्त्याला 'ने' दिसला नाही की कर्तरी, दिसला की कर्मणी नाहीतर भावे. युक्ती बऱ्याचदा चालते. पण 'मी आंबा खाल्ला' हे वाक्य घ्या. 'ने' कुठेच नाही, तरी प्रयोग कर्तरी नाही. खात्री कशी करायची? आंब्याच्या जागी चिंच ठेवा. 'मी चिंच खाल्ली.' आता 'मी' काढून आजीने, दादाने, आम्ही, कुणीही ठेवा. चिंच 'खाल्ली'च राहते. क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही, ते चिंचेचं ऐकतं. म्हणून कर्मणी. उलट 'दादा चिंच खातो' मध्ये दादाच्या जागी ताई आली की लगेच 'खाते' होतं, आणि चिंचेच्या जागी आंबा आला तर काहीच हलत नाही. म्हणून कर्तरी. 'बाईंनी मुलाला बोलावले' यात मुलाला, मुलीला, मुलांना काहीही करा, 'बोलावले' जागचं हलत नाही. ते कुणाचंच ऐकत नाही. म्हणून भावे.

म्हणजे व्याकरण ही नावांची यादी नाही. तो एक प्रयोग आहे, विज्ञानाच्या तासाला करायचो तसा. एक शब्द बदलायचा आणि दुसरं काय बदलतं ते बघायचं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि साहित्यही प्रत्येक मुलाच्या तोंडात तयार असतं.

काही वाक्यं तर दोघांचंही ऐकतात. 'तू भाकरी खाल्लीस.' यातला 'ली' भाकरीमुळे आला, शेवटचा 'स' तुझ्यामुळे. व्याकरणकारांनी अशा वाक्यांसाठी 'संकर प्रयोग' असं नाव ठेवलं आणि त्यावर पिढ्यानपिढ्या वाद घातले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं. शब्दांच्या आठ जाती ही मांडणी आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाकडून आली, विभक्ती आणि समास संस्कृताकडून. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून आधीच्यांच्या मतांची बारकाईने तपासणी केली. हे सगळे विद्वान एकमेकांशी भांडत होते, कारण मराठी वाक्य त्यांच्या चौकटीत नीट बसत नव्हतं. आपल्यापर्यंत मात्र पोचली ती फक्त उत्तरं. त्यामागचं भांडण पोचलं असतं, तर तो तास किती रंगला असता!

माझ्या कामात याच्या नेमकं उलट असतं. संगणकाच्या भाषेत आधी व्याकरण ठरतं, मग भाषा जन्माला येते. एक अर्धविराम चुकला की यंत्र सगळा मजकूर नाकारतं. हे नियम लिहायची जी पद्धत जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावाने ओळखली जाते, तिला 'पाणिनी-बॅकस रूप' म्हणावं, असं पीटर इंगरमन यांनी १९६७ साली सुचवलं होतं. कारण तशाच काटेकोर सूत्रांत पाणिनीने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास एक अख्खी भाषा बांधली होती. सूत्रं जवळपास चार हजार. पण मला पाणिनीची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पूर्वेकडे असं म्हणतात, उत्तरेकडे तसं म्हणतात, हेही त्याने सूत्रांत नोंदवलं आहे. इतका काटेकोर माणूस, पण बोलण्यातल्या फरकाला त्याने चूक न म्हणता नोंद म्हटलं.

हे इथे सांगायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वर्गात पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून चालत येणारी मुलं होती. घरी 'पानी', 'लोनी', 'व्हतं' बोलणारी. कुणी हसलं की ती गप्प व्हायची, आणि काही जण दहावीपर्यंत गप्पच राहिले. 'यांना व्याकरण येत नाही' असं सहज म्हटलं जायचं. आता वरची चाचणी लावून बघा. 'पानी' म्हणणारं मूल 'पानी सांडली' असं कधी म्हणतं का? कधीच नाही. ते 'पानी सांडलं'च म्हणतं. भाकर 'खाल्ली', आंबा 'खाल्ला', लोनी 'खाल्लं'. पाच वर्षांचं पोर 'मला घाट चढवत नाही' म्हणतं आणि 'मला पायऱ्या चढवत नाहीत' असंही म्हणतं. 'नाही'चं 'नाहीत' करायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पुस्तकात ज्याला शक्य कर्मणी म्हणतात, ते त्याच्या घरात रोज नांदत असतं. वेगळा असतो तो उच्चार. व्याकरण त्याचं पक्कं असतं.

शुद्धलेखनही शिकवायलाच हवं, त्याशिवाय पुढे अडतं. पण ती वेगळी गोष्ट आहे. साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम ठरवले, १९७२ साली आणखी चार आले. कितीतरी अनुस्वार त्यात गळाले. आपल्या आज्या त्याआधी जशा बोलत होत्या तशाच त्यानंतरही बोलत राहिल्या. लिहिण्याचे नियम समिती ठरवते. बोलण्याचं व्याकरण घरात घडतं. या दोन गोष्टी मुलाला वेगळ्या करून सांगितल्या, तर ते नवं शिकताना आपलं जुनं लपवणार नाही.

आणि व्याकरणाचा उपयोग मार्कांपलीकडे काय, असं कुणी विचारलं तर आपल्याच गावातलं वाक्य घ्या. 'बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले.' कर्मणी की भावे? 'पाणी' नपुंसकलिंगी, म्हणून नुसतं बघून कळत नाही. चाचणीपुरतं पाण्याच्या जागी पेज ठेवा. पेज 'प्यायली' होते. म्हणजे कर्मणी. पण या वाक्यातली खरी ताकद 'बाबासाहेबांनी' या शब्दात आहे. १९२४ सालीच महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला होता. 'तळे खुले करण्यात आले' हे वाक्य कागदावर खरं होतं. पण प्रत्यक्षात कोण कुणाला पाणी घेऊ देणार, हे अशा वाक्यात येत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले, आणि त्या वाक्याला कर्ता मिळाला.

'करण्यात येईल' या रचनेत कर्ता सहज गळतो. २०२१च्या जुलैतल्या पुरानंतर आपल्या भागात घरोघरी कागद फिरले. सरकारी कागदाची भाषा सगळीकडे अशीच असते. 'पंचनामे करण्यात येतील.' 'अर्ज मागविण्यात येत आहेत.' वाक्य व्याकरणाने निर्दोष असतं, पण करणार कोण, कधीपर्यंत, हे त्यात शोधून सापडत नाही. ज्या मुलाला वाक्यात कर्ता शोधायची सवय लागली, ते उद्या असा कागद हातात घेऊन खिडकीपाशी उभं राहील आणि विचारेल, 'साहेब, करणार कोण?' हा प्रश्न विचारता येणं हीच मला व्याकरणाची खरी परीक्षा वाटते.

म्हणून शाळेला आणि आपल्या सगळ्यांना एक विनंती करते. आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गाने वर्षाला एक वही करावी. घरातली, बाजारातली, एसटी स्टँडवरची, शेतातली शंभर वाक्यं जशी ऐकली तशी लिहावीत, आणि प्रत्येक वाक्यासमोर क्रियापद कुणाचं ऐकतं ते शब्द बदलून तपासून लिहावं. शेजारी तेच वाक्य प्रमाण मराठीत. आपण माजी विद्यार्थ्यांनी वर्षातला एक शनिवार द्यावा, आणि त्या वाक्यांवर मुलांशी वाद घालावा. वह्या संगणकावर चढवून शोधता येतील अशा करण्याचं काम माझ्याकडे.

ज्या गुरुजनांनी आम्हाला वाक्य नीट लिहायला शिकवलं, त्यांना नमस्कार. वहीतलं पहिलं वाक्य वाडीवरच्या मुलाने लिहावं, आणि ते जसंच्या तसं फळ्यावर यावं, एवढीच इच्छा.