जर-तरचं इंग्रजी

2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. चार वर्षं जास्त मिळाली, तरी दहावीच्या मुलाला ‘इफ’चं वाक्य आजही अडवतं. आपण त्याला पहिला प्रकार, दुसरा प्रकार, तिसरा प्रकार असे साचे पाठ करायला देतो. माझं म्हणणं असं, की साचे नंतर द्यावेत. आधी त्याच्या मराठीतला संकेतार्थ, म्हणजे जर-तरचा अर्थ, त्याला उलगडून दाखवावा. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे क्रियापदाचे अर्थ मराठीच्या तासाला येतात. इंग्रजीच्या तासाला मात्र त्यांचं नाव कुणी काढत नाही.

आपल्या धानाच्या बांधीतलं वाक्य घेऊ. ‘उद्या पाऊस आला तर रोवणी करू.’ पाऊस अजून यायचाय, तरी आपण ‘आला’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, गोष्ट उद्याची. मूल प्रामाणिकपणे तेच इंग्रजीत नेतं : ‘इफ इट रेन्ड टुमॉरो, वुई विल ट्रान्सप्लांट.’ तिथे ‘रेन्स’ हवं. ‘इफ’मागोमाग उद्याच्या गोष्टीला भूतकाळाचं रूप दिसलं, की इंग्रजी वाचणारा समजतो, बोलणाऱ्याला पावसाची फारशी आशा नाही. आपला ‘आला’ आशा धरून असतो, त्यांचा ‘रेन्ड’ ती जवळजवळ सोडतो. एखादं मूल ‘इफ इट विल रेन’ लिहितं, कारण उद्या म्हणजे भविष्यकाळ हे त्याला पक्कं शिकवलेलं असतं. भविष्याचं काम इंग्रजीत पुढचं मुख्य वाक्य करतं, एवढं त्याला सांगितलं की पुरे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ काढला असता.’ हे आजचं वाक्य की दहा वर्षांपूर्वीचं? मराठीत दोन्ही असू शकतं. मागचापुढचा संदर्भ ते ठरवतो. इंग्रजी इथे दोन वेगळी वाक्यं मागते. आज पैसे नाहीत, तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड डीसिल्ट द टँक.’ तेव्हा नव्हते, तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव डीसिल्टेड इट.’ हा जोडीचा ‘हॅड’ मुलांना छपाईची चूक वाटतो. पहिला ‘हॅड’ काळ मागे नेतो, दुसरा पैसे जवळ असणं सांगतो. असं फोडून सांगितलं की भीती जाते.

आता आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं एक वाक्य. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. ‘बाबासाहेब इथून निवडून आले असते, तर लोकसभेत बसले असते.’ दोन्हीकडे ‘असते’, म्हणून मूल दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितं. प्रमाण इंग्रजीत अटीच्या बाजूला ‘हॅड वन’ आणि परिणामाच्या बाजूला ‘वुड हॅव सॅट’. बाबासाहेबांचं चरित्र ज्याला ठाऊक नाही, त्यालाही या एका ‘हॅड’वरून कळतं की ते इथून निवडून आले नाहीत. ही ताकद मुलांना दाखवायला हवी.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. समजा, अशा पुरानंतर एखाद्या शेतकऱ्याला इंग्रजीत अर्ज करायचाय : ‘वेळ मिळाला असता तर धान्य हलवलं असतं.’ ‘इफ वुई हॅड हॅड टाइम’ लिहिलं, तर वेळ मिळाला नाही आणि धान्य जागीच राहिलं, हे स्पष्ट होतं. ‘इफ वुई गेट टाइम, वुई विल मूव्ह द ग्रेन’ लिहिलं, तर नुकसान अजून झालंच नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. चूक व्याकरणाची, पण तिची झळ माणसाच्या घराला लागते.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच : वाक्य आधी मराठीत लिहून घ्या आणि दोनच प्रश्न विचारा. ही गोष्ट अजून घडू शकते का? आणि बोलणारा आजचं बोलतोय की होऊन गेलेलं? उत्तरं मिळाली की रूप मूल स्वतः निवडतं. ‘अनलेस’लाही हीच रीत लागते. ‘पाऊस आला नाही तर’मधला ‘नाही’ त्या शब्दाच्या पोटातच आहे, म्हणून ‘अनलेस इट रेन्स’ एवढंच लिहायचं. पुढे ‘नॉट’ जोडायचा नाही.