दुधाची वाटी आणि मनीचं ऑपरेशन

(रेडिओवरील भाषण)



रात्री अडीच-तीनला फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार, हे मला आता साधारण ठाऊक असतं. "डॉक्टर, आमच्या मनीला फिट आलीय हो. जमिनीवर लोळतेय, रडल्यासारखी ओरडतेय, शेपूट बाजूला करून मागचा भाग वर उचलतेय. काहीतरी खाल्लंय तिनं!" मी एवढंच विचारते, मनी किती महिन्यांची? उत्तर येतं, पाच. नाहीतर सहा. मग मी सांगते, झोपा आता, तिला काही झालेलं नाही. माजावर आलीय ती. पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. मग हळूच, "इतक्यात? कालपर्यंत पिल्लूच होती की!"

मांजर आपल्या अंदाजाच्या बरीच आधी वयात येते. काही भाट्या तर चौथ्या महिन्यातच. तिचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. थंड देशांत हिवाळ्याचे काळोखे महिने तिला थोडी उसंत देतात, आपल्याकडे उजेडाला काय तोटा? बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत तोच गोंधळ पुन्हा. आणि भेटला तर नेम सहसा चुकत नाही, कारण मांजरीची बीजं समागम झाल्यावरच सुटतात. नऊ आठवड्यांनी चार-पाच पिल्लं. ती अंगावर पीत असतानाच ही बाई पुन्हा गाभण राहू शकते. आमच्या मासळीबाजारात टोपल्यांच्या मागे डोळे चिकटलेली पिल्लं दिसतात, ती आभाळातून पडत नाहीत. कुणाच्या तरी घरातून पिशवीत घालून आणलेली असतात. ऑपरेशन म्हणजे पाप, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही, सकाळी सातला बाजारात या म्हणते.

"पण डॉक्टर, एकदा तरी व्यायला हवी ना, त्याशिवाय तब्येत धरत नाही." हेही रोजचं. तसं काही नसतं. उलट सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं, तर पुढे स्तनांचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. वय वाढेल तसा हा फायदा घटत जातो. मांजरीच्या स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कॅन्सरच्याच निघतात, म्हणून मी या बाबतीत जरा हट्टी आहे. माज थांबवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं कुणी सुचवली, तर कृपा करून नको म्हणा. त्यातल्या हार्मोन्समुळे गर्भाशयात पू झालेल्या मांजरी मी टेबलावर घेतल्या आहेत. निरोगी मांजराचं साधं ऑपरेशन आणि ते, यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

तेव्हा पाचवा महिना धरून चला. त्याआधी लसी पूर्ण करा, वजन करून घ्या, डॉक्टरांना छाती नीट तपासू द्या. मांजर माजावर असेल तर आम्ही बहुतेक वेळा थोडे दिवस थांबायला सांगतो, कारण त्या वेळी रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला भीती वाटते ती चाकूची. मला भीती वाटते ती दुधाच्या वाटीची.

काही वर्षांपूर्वी एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पिशवीत त्यांची पांढरी मांजर. मी विचारलं, रात्रीपासून पोटात काही नाही ना? नातू म्हणाला, काही नाही. आजी गप्प. भूल दिली, आणि मिनिटभरात मांजरीनं ओकारी काढली. पांढरंफेक दूध. मी तिचं डोकं खाली करून घसा पुसला, शोषून घेतलं, ऑपरेशन तिथेच थांबवलं. नशीब, फुप्फुसात काही गेलं नाही. भूल दिलेल्या जनावराला गिळता येत नाही आणि खोकताही येत नाही. पोटातलं वर आलं की ते थेट श्वासनळीची वाट धरतं. आजी बाहेर डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. "उपाशीपोटी कशी पाठवू हो लेकराला?" त्यांना रागावणं मला काही जमलं नाही.

मोठ्या मांजराचं खाणं आदल्या रात्री दहानंतर बंद, पाणी मात्र सकाळपर्यंत चालतं. अगदी लहान पिल्लू असेल तर हा नियम लावू नका. तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहिलं तर त्याच्या रक्तातली साखर उतरते. तुमच्या मांजराची नेमकी वेळ डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा, कारण घरात चार माणसं असतात आणि प्रत्येकाला मांजराची दया येते. रात्री खिडक्याही लावा. बाहेर गेलेलं मांजर काय खाऊन आलं ते तुम्हाला कळत नाही. आणताना झाकण असलेली जाळीची पेटी हवी. पुठ्ठ्याचं खोकं स्कूटरवर फाटलं, तर मांजर हायवेवर आणि तुम्ही त्याच्या मागे.

डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नका. भूल चालू असताना श्वासावर आणि नाडीवर लक्ष कोण ठेवणार? श्वासनळीत नळी घालणार का? दुखू नये म्हणून काय देणार? ऊब कशी देणार? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण भूल दिलेलं एवढंसं शरीर भराभर गार पडतं आणि गार मांजर उशिरा शुद्धीवर येतं. माझ्या टेबलावर गरम पाण्याच्या बाटल्या असतात, फडक्यात गुंडाळलेल्या. बाटली उघडीच टेकवली तर कातडी भाजते.

आत काय होतं, तेही सांगते. मांजरीचे डोळे भुलेतही उघडेच राहतात. ते सुकू नयेत म्हणून आम्ही त्यांत मलम भरतो. पोटावरचे किंवा कुशीवरचे केस काढतो. चीर जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरची असते. तिच्यातून अंडाशयं काढायची, बहुतेक वेळा गर्भाशयही. शिरांना दोऱ्यानं बांधायचं. सगळं कसब त्या गाठीत आहे. ती सुटली तर पोटात रक्त साचतं, म्हणून बांधल्यावर मी ती दोनदा बघते. मधून मधून हिरडी दाबते. बोट काढलं की पांढरा झालेला ठिपका लगेच गुलाबी व्हायला हवा.

बोक्याचं याहून फारच थोडक्यात आटपतं. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "बैल बडवायचो आम्ही, तसंच का?" नाही आजोबा, बोका झोपलेला असतो, त्याला कळतही नाही. बहुतेकदा टाकासुद्धा पडत नाही. फक्त दोन-चार दिवस त्याच्या घमेल्यात वाळूऐवजी फाडलेला कागद घाला, नाहीतर रेती जखमेत जाते. आणि त्याला पुढचे काही आठवडे भाट्यांपासून लांब ठेवा. ऑपरेशन झालं तरी तितके दिवस त्याच्यात जुना साठा शिल्लक असतो.

घरी आणल्यावर खरी जागरणं. मांजर झिंगल्यासारखं चालेल, कपाटावर उडी मारायला बघेल आणि पडेल. म्हणून तिची जागा जमिनीवर, अंधाऱ्या शांत खोलीत. घरात दुसरं मांजर असेल तर ते हिच्यावर फिस्कारेल, कारण हिला दवाखान्याचा वास येतो. एक-दोन दिवस वेगळं ठेवा, विसरतात. जखमेला हळद नको, खोबरेल नको, राख तर मुळीच नको. कोरडी ठेवा, इतकंच. मांजराची जीभ किसणीसारखी असते, तिला वेळ मिळाला तर ती टाका उसवते. गळ्यातला प्लॅस्टिकचा कॉलर सहन होत नसेल तर जुन्या टी-शर्टची बाही कापून चार पायांना चार भोकं पाडा. पहिला तासभर मांजर त्यात मूर्ती होऊन बसेल, घरातली मुलं हसतील. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर हा वेश चालू द्यायचा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. दुखत असेल म्हणून माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, चाटणसुद्धा नाही. ते औषध निपटून टाकायची सोय मांजराच्या शरीरात नसते. रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. एका गोळीत जीव जातो. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, दिवसभर पाणी-अन्न शिवलं नाही, जखमेला घाण वास आला किंवा ती उसवली, तर सकाळची वाट बघू नका.

आणि महिन्याभरानं "डॉक्टर, ऑपरेशननं लठ्ठ झाली" म्हणून येऊ नका. तिची अन्नाची गरज पाव हिश्शानं तरी कमी झालेली असते. तुमच्या हाताला मात्र जुनंच माप लागलेलं असतं.

त्या आजींची पांढरी मांजर आठ दिवसांनी परत आली. या वेळी पिशवीत नव्हती, कोंबड्या झाकायच्या डालग्याखालीच होती. वर पाटा ठेवून तिला रात्रभर कोंडलं होतं, आणि सकाळी पाटा खाली उतरवून ते आख्खं डालगं, बुडाला फळी बांधून, रिक्षात घालून आणलं होतं. दुधाचं पातेलं शेजारच्या घरी ठेवून आल्या होत्या. ऑपरेशन झालं, मांजर डोळे किलकिले करून हलायला लागली, तशा आजी दाराशी आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आता देऊ का गं थोडं?"

मी म्हटलं, "संध्याकाळी. आणि पातळ करून, दोन चमचे."